मी तिला मोठं सभागृह दिलं

गर्दी माणसांनी होत नाही, खुर्च्यांनी होते. हे मी कुठं वाचलेलं नाही. एकवीस वर्षं खुर्च्या मोजून हाती लागलेलं एवढं एकच तत्त्व आहे. चाळीस माणसं पन्नास खुर्च्यांच्या खोलीत बसवली तर कार्यक्रम यशस्वी होतो. तीच चाळीस माणसं सहाशेच्या सभागृहात बसवली तर शोकसभा होते. वक्ता तोच, विषय तोच, समोसाही तोच.

चंदीगडच्या कडेला असलेल्या एका विज्ञान संशोधन विद्यापीठात मी जाहीर व्याख्यानं भरवायचं काम करत होतो. संस्थेचं नाव देत नाही. दिलं तर दुरुस्तीपत्र येईल, आणि ते कसं लिहितात हे मला ठाऊक आहे, कारण बरीच वर्षं ते मीच लिहीत असे. मूळचा मी अमरावतीचा. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं, संशोधक व्हायचं होतं, तेवढी कुवत निघाली नाही. मग संशोधकांना माईक लावून देण्याच्या नोकरीत शिरलो. ज्याला पंगतीत पान मिळालं नाही त्यानं वाढप्याचं काम धरावं, तसं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, व्याख्यान म्हणजे वक्ता आणि विषय. ते दोन्ही आयत्या वेळी मिळतात. खरं काम वेगळं असतं. किती माणसं येतील याचा अंदाज काढायचा, त्यातून पाच वजा करायची आणि तेवढ्याच खुर्च्या मांडायच्या. उरलेल्या घडीच्या खुर्च्या दाराबाहेर ठेवायच्या. व्याख्यान सुरू होऊन दहा मिनिटं झाली, की सभागृहाची ध्वनियंत्रणा सांभाळणारे बलदेवसिंग त्या खुर्च्या आत आणत, आणि मुद्दाम थोडा आवाज करत. खुर्च्या कमी पडल्या हे पाहून भलेभले शास्त्रज्ञ फुललेले मी पाहिले आहेत. एका वृद्ध रसायनशास्त्रज्ञांचे तर डोळे भरून आले होते. आत आलेल्या सहा खुर्च्यांपैकी चारांवर आमचेच माळी बसले होते, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

चहा नेहमी नंतर द्यायचा, आधी कधीही नाही. मागचं दार बाहेरून लावून घ्यायचं. पहिला प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याला आधीच देऊन ठेवायचा, म्हणजे 'काही प्रश्न?' नंतरची ती भीषण शांतता टळते. आणि वक्ता थांबेनासा झाला तर बलदेवजींकडे पाहायचं. त्यांच्या माईकला बरोबर पंचावन्नाव्या मिनिटाला खोकला येत असे. दीपप्रज्वलन तेवढं मला कधी जिंकता आलं नाही. समईच्या नेमकं वर वातानुकूलनाची जाळी होती. प्रमुख पाहुणे काडीमागून काडी ओढत, संस्थेतले तीन प्राध्यापक समईभोवती ओंजळी धरून उभे राहत, आणि पडद्यावर 'अंधारातून प्रकाशाकडे' असं लिहिलेलं असे. ही ओळ मीच निवडली होती.

दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी हे सगळं चाले. शुक्रवारचं व्याख्यान मी सुरू केलं तेव्हा संस्थेला धड इमारत नव्हती; पहिली दोन वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये विश्वाची उत्पत्ती ऐकली. ऐकायला येणाऱ्यांत सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेतले एक निवृत्त अभियंता असत. त्यांना विषयाशी देणंघेणं नव्हतं, ते माईक तपासायला येत. आणि सेक्टर एकोणचाळीसच्या बीजी असत. सत्तरीच्या, पांढरी चुन्नी, हातात विणकाम. बारा वर्षं त्या तिसऱ्या रांगेत कडेला बसून स्वेटर विणत आल्या. एका जर्मन पाहुण्याला वाटलं, या बाई आपला निषेध करताहेत. मी एकदा त्यांना विचारलं, "बीजी, समझ में आता है?"

त्या म्हणाल्या, "मैनूं तां कुझ नी समझ औंदा पुत्तर. पर बोलण वाले नूं आप समझ आया के नईं, ओह पता लग जांदा."

वक्त्याला स्वतःला कळलंय की नाही, तेवढं मला कळतं. आमच्या संस्थेच्या कुठल्याही समितीनं व्याख्यानांचं इतकं नेमकं मूल्यमापन केलं नाही.

आता हेव्याबद्दल. हा या कामाचा व्यवसायजन्य आजार आहे, कापूसवाल्याला दमा व्हावा तसा. महिन्यातून एकदा तुम्ही एका माणसाची ओळख करून देता, त्याचे सगळे मान वाचून दाखवता, बाजूला होता आणि टाळ्या त्याला पडतात. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा अशाच एका शुक्रवारी वक्ता म्हणून आला. मी त्याचा परिचय पावणेदोन पानांचा लिहिला आणि घरी येऊन जेवलो नाही. पण हे सगळे पाहुणे होते. ते विमानानं यायचे आणि विमानानं जायचे, हेवा त्यांच्याबरोबर निघून जायचा. डॉ. गुरलीन कौर गेल्या नाहीत.

त्या आमच्याकडे कीटकशास्त्रात प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. वय पस्तिशीचं, मूळच्या पतियाळाच्या, पायात कायम खेळायचे बूट. रुजू झाल्यावर सहा महिन्यांत त्यांनी शनिवारी दुपारी कॅन्टीनमागच्या हिरवळीवर एक टेबल टाकलं, त्यावर एक सूक्ष्मदर्शक ठेवला आणि आसपासच्या सेक्टरांत तोंडी निरोप धाडला: घरच्या कूलरमधलं पाणी बाटलीत भरून आणा, आत कोण राहतं ते बघू. परिचय नाही, समई नाही, पुष्पगुच्छ नाही. पहिल्या शनिवारी दहा-बारा जण आले. पावसाळा संपेपर्यंत ऐंशी. रखवालदार, शिक्षिका, आयटी पार्कमधली पोरं, फौजी कुटुंबं, सगळे हातात घाण पाण्याची बाटली घेऊन रांगेत. मी खिडकीतून मोजत होतो. माझ्या त्याच महिन्याच्या शुक्रवारी परदेशातून आलेल्या वक्त्यासमोर तेवीस माणसं होती, त्यातली नऊ मी सफाई विभागाकडून मागवली होती.

गणपतीत इथली मराठी मंडळी जमतात. बहुतेक हवाई दलातली, बाकीची बदलीवर आलेली. एका विंग कमांडरच्या बायकोनं मला मोदक वाढता वाढता विचारलं, "अहो वझलवार काका, तुमच्या संस्थेत शनिवारी ते डासांचं असतं ना, काय मस्त असतं. तुम्हीच करता ना ते?"

"नाही," मी म्हणालो. "मी शुक्रवारचं करतो."

"शुक्रवारी पण असतं?" त्या म्हणाल्या.

हेही मी पचवलं असतं. पण ऑक्टोबरच्या एका शनिवारी खिडकीतून पाहतो तर हिरवळीवर, अगदी पुढे, खुर्ची टाकून बीजी बसलेल्या. विणकाम पिशवीत. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे. बारा वर्षांत माझ्या व्याख्यानाला त्यांनी सुया खाली ठेवल्या नव्हत्या.

त्याच हिवाळ्यात नवे संचालक आले. एका कामाला दोन माणसं, ही कल्पना त्यांना सोसत नसे. बैठकीत त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की एप्रिलपासून लोकांसाठी एकच कार्यक्रम राहील. जानेवारीत समिती दोन्ही पाहील, एक ठेवेल, दुसरा बंद. गुरलीनचं काही अडत नव्हतं. कार्यक्रम गेला तरी त्यांची प्रयोगशाळा होतीच. माझा शुक्रवार गेला तर मला अतिथिगृहातल्या खोल्यांचं वाटप मिळणार होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एकवीस वर्षं विश्वाच्या उत्पत्तीशी संबंध ठेवल्यावर शेवटची दोन चादरी मोजण्यात जाणार होती.

समितीसाठी जानेवारीचा शुक्रवार मी दुसऱ्याच आठवड्यात घेतला; तो त्यांनी आधी पाहिला. पन्नासांची खोली, मांडलेल्या खुर्च्या चाळीस, सेहेचाळीस माणसं, दहाव्या मिनिटाला बलदेवजींच्या खुर्च्या, नेमलेला पहिला प्रश्न. सगळं घड्याळासारखं झालं. समितीच्या अध्यक्षांनी जाताना विचारलं, "इनमें बाहर के कितने थे?"

"काफ़ी," मी म्हणालो. सात होते.

सोमवारी गुरलीन माझ्या खोलीत आल्या. सभागृहांचं वाटप माझ्याकडे होतं.

"सर, धुंध में लॉन पे तो नहीं हो पाएगा," त्या म्हणाल्या. "पचास-साठ का कोई कमरा मिल जाएगा? समिती आनी है."

चंदीगडचं जानेवारीतलं धुकं ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगतो, दुपारी बारालाही समोरच्या माणसाची पगडी आधी दिसते, माणूस नंतर. अशा दिवशी घराबाहेर पडणारे कमीच. साठ माणसं आली तरी खूप. आणि साठांसाठी दोन नंबरची खोली अगदी मापाची होती, आणि त्या दिवशी रिकामी होती.

"दो नंबर में फ़र्श की घिसाई चल रही है," मी म्हणालो. "आपको बड़ा हॉल दे देता हूँ. इतना बड़ा प्रोग्राम है आपका."

"थैंक यू सर" म्हणून त्या गेल्या.

बाहेरच्यांना यात काही वाईट दिसणार नाही. छोटी जागा मागितली, मोठी दिली, औदार्यच की. पण आमच्या धंद्यात एखाद्याला संपवायचं असेल तर त्याच्याविरुद्ध बोलावं लागत नाही. त्याला मोठं सभागृह द्यावं. संध्याकाळी बलदेवजी नोंदवही घेऊन आले. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"साबजी, दो नंबर तां ख़ाली पया ए."

"घिसाई है."

"अच्छा जी," ते म्हणाले. दोन नंबरची किल्ली त्यांच्याच कमरेला होती. "मैनूं किसे ने दस्सेया नईं." मला कुणी सांगितलं नाही, एवढंच म्हणून आणि वही बंद करून ते गेले.

घरी मंजिरीला, माझ्या बायकोला, मी हे जेवताना सहज सांगितल्यासारखं सांगितलं. तिची भाकरी हातात राहिली.

"अहो, पोरीच्या लग्नात तुम्ही हट्टानं लहान हॉल घेतला होता. माझे मामा अक्षता टाकेपर्यंत दारात उभे होते. आणि हिला सहाशेचा?"

"तिचा कार्यक्रम मोठा आहे."

"वांग्याची भाजी घ्या," मंजिरी म्हणाली.

शनिवार उजाडला तो धुक्यानं भरलेला. मी वेळेआधी जाऊन शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलो. तिथून मोजायला सोपं जातं. त्रेसष्ट माणसं आली. एवढ्या धुक्यात त्रेसष्ट माणसं घराबाहेर काढणं मला जन्मात जमलं नसतं, पण त्या सभागृहात ती परातीला चिकटून राहिलेल्या शितांसारखी दिसत होती. कुणी आठव्या रांगेत, कुणी विसाव्या. संचालक आणि समितीचे तिघे पुढच्या पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्यांवर. त्यांच्यामागं सहा रांगा कुणी नाही. गुरलीन सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन मंचावर आल्या आणि समोर पाहून थांबल्या. तो चेहरा पाहायला मी आलो होतो, हे लिहून टाकतो.

मिनिटभर त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी बलदेवजींना हाक मारली. "पाजी, नीचे की लाइटें बंद कर दो. ऊपर की सारी जला दो."

सभागृह अंधारलं, मंच उजळला. मंचाच्या पायऱ्यांना लाल दोर असे. मान्यवरांखेरीज कुणी वर चढू नये म्हणून तो मीच आणला होता. गुरलीननी त्याचं एक टोक सोडलं आणि दोर खाली टाकला.

"आ जाओ जी, सब ऊपर आ जाओ. वहाँ से डास नहीं दिखेगा," असं काहीसं त्या म्हणाल्या. डासाला अर्थात त्या मच्छर म्हणाल्या; माझ्या कानांनी त्याचं मराठी केलं.

लोक बिचकत उठले. आधी रखवालदाराचं कुटुंब, मग शाळेतल्या बाया, मग सगळे. मंचावरच्या गालिच्यावर चपला काढून बसले. बीजींना दोघांनी हात धरून पायऱ्या चढवल्या. शेवटी संचालकही चढले आणि सूट सावरत मांडी घालून बसले. बलदेवजींनी मोठ्या पडद्यावर सूक्ष्मदर्शकाचं चित्र लावलं. विषय होता, थंडीत डास जातात कुठं. गुरलीननी सगळ्यांना घरून कोरड्या पडलेल्या कूलरच्या आतली कड खरवडून आणायला सांगितलं होतं. बीजींनी रुमालाच्या गाठीतून चिमूटभर काळपट भुकटी काढून दिली. पडद्यावर ती भुकटी मोठी झाली, आणि तिच्यात काळ्या, चकचकीत, लांबट दाण्यांची ओळ दिसली. डासाची अंडी. कोरडी, जिवंत, कूलरमध्ये पुन्हा पाणी भरण्याची वाट पाहणारी.

"एह मेरे घर दे ने?" बीजींनी विचारलं.

"हांजी बीजी. तुहाड्डे घर दे."

"पूरी सरदी नाल बैठे रहे," बीजी म्हणाल्या, "ते मैं किसे नूं चाह वी नीं पुच्छी."

सगळा हिवाळा घरात बसले होते, आणि मी कुणाला चहादेखील विचारला नाही. मंचावर हशा उठला. संचालकांनी स्वतःच्या घरच्या कूलरबद्दल पहिला प्रश्न विचारला, तोही कुणी नेमून न देता. मग सव्वा तास प्रश्न थांबले नाहीत.

मध्येच गुरलीन कपाळावर हात धरून अंधारात पाहू लागल्या. "सर, आप भी आ जाइए ना."

"मैं यहीं ठीक हूँ," मी म्हणालो.

आणि बसून राहिलो. त्या मंचाची एकोणीस वर्षं मी काळजी घेतली. त्याचा गालिचा मी निवडला, फुलं कुठं ठेवायची ते ठरवलं, माईक किती उंच हवा ते मला तोंडपाठ होतं. लोकांना वर बोलावता येतं, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. एखादा नावाजलेला वक्ता माझ्यापेक्षा हुशार आहे हे मी सोसत आलो होतो. पण सभागृह हा माझा विषय होता. त्यात माझ्यापेक्षा जास्त कळणारं कुणी असेल हे धरून मी चाललो नव्हतो, आणि ते तिला एका मिनिटात, तेही मी लावलेल्या सापळ्यात उभं राहून कळलं होतं.

संपल्यावर संचालक माझ्याकडे आले. त्यांच्या पँटला गालिच्याचे तंतू लागले होते. "वझलवार जी, मान गए. सबको स्टेज पे बिठाना था, इसलिए बड़ा हॉल दिया. मैं सोच रहा था कि क्यों दिया."

तिथं खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. गुरलीन चार पावलांवर वायर गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्या पुन्हा वायर गुंडाळू लागल्या.

"थैंक यू सर," मी म्हणालो.

शुक्रवार मार्चअखेर बंद झाला. शेवटच्या व्याख्यानाला एकतीस माणसं होती, खुर्च्या तीस. चादरी मात्र मला मोजाव्या लागल्या नाहीत. सभागृहाची एवढी सूक्ष्म जाण असलेला माणूस वाया का घालवायचा, असं म्हणून संचालकांनी मला शनिवारच्या व्यवस्थेवर घेतलं. दोन वर्षं मी गुरलीनच्या हाताखाली सतरंज्या घातल्या, बीजींसाठी पायऱ्यांना कठडा बसवून घेतला, उन्हाळ्यात पाण्याचे माठ मांडले. काम चांगलं केलं. हेवा जवळून कमी होतो म्हणतात, ते खोटं आहे. जवळून तपशील जास्त दिसतात. त्यांना नावं लक्षात राहत. त्यांना 'मला माहीत नाही' असं सरळ म्हणता येई. मी परिचयाची पावणेदोन पानं लिहिताना कुठं चुकत होतो हे मला दर शनिवारी नव्यानं समजत गेलं.

निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा एका दुपारी कॅन्टीनमध्ये मी त्यांच्यासमोर चहा घेऊन बसलो.

"दो नंबर ख़ाली था," मी म्हणालो. "उस दिन. घिसाई-विसाई कुछ नहीं थी."

"पता है सर." त्यांनी बशीतली खारी मठरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली. "मैं प्रोग्राम से एक दिन पहले देख के आई थी. खुला पड़ा था."

"तो कुछ कहा क्यों नहीं?"

"कहा था ना. डायरेक्टर सर को लिखा था. भेजा नहीं बस." मग शांतपणे, "प्रोग्राम ख़राब जाता तो भेज देती. पक्का."

मी ते पाहायला मागितलं. त्यांनी फोनमध्ये शोधून माझ्यापुढे धरलं. इंग्रजीत चार ओळी होत्या. पहिलीत त्यांनी काय मागितलं. दुसरीत काय मिळालं, म्हणजे सहाशे खुर्च्या. तिसरीत न मिळण्याचं काय कारण सांगण्यात आलं. चौथीत त्यांनी स्वतः जाऊन काय पाहिलं. माझ्याबद्दल एक विशेषण नाही, हेतूबद्दल अवाक्षर नाही. वाचणाऱ्यानं स्वतःच निष्कर्ष काढला असता आणि तो बरोबर निघाला असता. मी जन्मभर संचालकांना पत्रं लिहिली, सगळी दोन-दोन पानांची, आणि असं एकही मला साधलं नव्हतं. लाज वाटायला हवी होती. वाटली, पण हेव्याच्या मागून, दुसऱ्या क्रमांकावर.

"एक आँकड़ा ग़लत है," मी फोन परत देत म्हणालो. "छह सौ नहीं. पाँच सौ चौरासी कुर्सियाँ हैं."

त्यांनी आकडा दुरुस्त केला आणि पत्र होतं तिथं परत जपून ठेवलं.